रात्रीच भिजवलेली सकाळ

विरारहून चर्चगेटला जाणारी पहिली लोकल पहाटे साडेतीनच्या सुमारास सुटते. त्या वेळी फलाटावर उभी असलेली माणसं पाहिली की वसई-विरारच्या सकाळीचा हिशेब लक्षात येतो. दादरच्या बाजारात फुलं आणि भाजी घेऊन निघालेल्या बायका असतात, पहिल्या पाळीच्या परिचारिका असतात, हॉटेलांत आणि विमानतळावर कामाला जाणारी तरुण मुलं असतात. पाचनंतर नोकरदारांची रीघ लागते आणि सातपर्यंत नालासोपारा, वसई रोड, नायगाव या पुढच्या स्टेशनांवर डब्यात शिरायलाही जागा उरत नाही. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. जलद गाडीलाही सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो आणि त्याआधी घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा असते. म्हणजे घर सोडताना भूक नसते, आणि भूक लागते तेव्हा माणूस दोन्ही हातांनी कडी धरून उभा असतो. कार्यालयाखाली उतरल्यावर जे पहिलं दिसेल ते पोटात जातं आणि ते बहुतेक वेळा वडापाव किंवा चहा-बिस्किट असतं.

या अंकासाठी बदलती न्याहारी हा विषय ठरला तेव्हा रात्री भिजवून ठेवलेल्या ओट्सचा विचार करताना हा फलाट समोर ठेवावासा वाटला. या पदार्थाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते दोन टोकांना जातं. एका टोकाला तो वजन उतरवणारा, कोलेस्टेरॉल घटवणारा चमत्कार असतो. दुसऱ्या टोकाला परदेशी थेर असतं, आणि आपले पोहे काय वाईट होते असा प्रश्न असतो. दोन्हीकडून निसटते ती गोष्ट म्हणजे घड्याळ. भिजवलेल्या ओट्सचा खरा गुण हा की न्याहारीचं काम ते सकाळवरून आदल्या रात्रीवर नेतात, आणि नंतरचे आठ-दहा तास पदार्थाला बिघडवण्याऐवजी सुधारतात. हा गुण धरून बसलं की भारतीय चव त्यात कशी आणायची, काय टाळायचं, कुठे हा पदार्थ उपयोगाचा नाही, ही सगळी उत्तरं सापडत जातात. तो सोडला तर उरतो तो वेलची शिंपडलेला थंड लगदा.

डबा कुणाच्या भरवशावर चालतो

मुंबईच्या न्याहारी-जेवणाचा प्रश्न वेळेचा आहे हे शहराला फार पूर्वी कळलं होतं. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली आणि घर एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला अशी राहणी शक्य झाली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला त्यामागचं गणित हेच होतं. कामावर जाणारा माणूस निघतो तेव्हा स्वयंपाक झालेला नसतो, म्हणून स्वयंपाक मागून पाठवायचा. ही व्यवस्था इतकी नेटकी चालली की तिच्या मुळाशी असलेली अट आपण विसरलो. कुणीतरी बाई घरी असते, ती नऊ वाजेपर्यंत डबा भरते, आणि डबेवाला येतो तेव्हा दार उघडते. घरातली दोन्ही माणसं सव्वासहाच्या गाडीला असतील तर डबा भरणार कोण?

१९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी सुरू झालेली लेडीज स्पेशल पुढे विरारपर्यंत आली. संध्याकाळी परतीच्या डब्यात बायका मेथी निवडतात, मटार सोलतात, लसणाच्या पाकळ्या सोलून पिशवीत भरतात. हे दृश्य कौतुकाने छापलं जातं. त्याचा सरळ अर्थ असा की स्वयंपाकघरातलं काम घरात मावत नाही म्हणून ते रेल्वेच्या डब्यात सांडलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष घरच्या बिनपगारी कामात वाटा उचलताना दिसले. जे वाटा उचलतात त्यांतही स्त्रीचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७ मिनिटं. वसईहून दादरला जाणाऱ्या बाईच्या दिवसात ही २९९ मिनिटं बसवायची तर ती पहाटे चार ते सहा आणि रात्री आठ ते अकरा अशीच बसतात. म्हणून या भागात न्याहारीचा कोणताही नवा पदार्थ तपासताना पहिला प्रश्न हवा की तो पहाटेची किती मिनिटं मोकळी करतो. पोषणाचा प्रश्न त्यानंतरचा. पौष्टिक पण पहाटे चाळीस मिनिटं खाणारा पदार्थ तिसऱ्या दिवशी बंद पडतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

झुरिकचं सफरचंद

भिजवलेल्या ओट्सचा उगम बहुधा इन्स्टाग्रामवर शोधला जातो. तो शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या आसपास आपल्या रुग्णांना एक पदार्थ द्यायला सुरुवात केली. १९०४ मध्ये त्यांनी झुरिकच्या टेकडीवर आरोग्यधाम काढलं तिथेही तो रोजचा होता. एक चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवायचे, त्यात लिंबाचा रस, आटवलेलं गोड दूध, दाणेकूट, आणि मुख्य म्हणजे सालीसकट किसलेलं भलं मोठं सफरचंद. त्यात सगळ्यांत जास्त होतं ते फळ, ओट्स केवळ बांधून ठेवण्यापुरते. ताज्या दुधातून क्षयाची लागण होण्याची भीती होती म्हणून डब्यातलं दूध घेतलं जाई. पुढे जगभर पसरताना प्रमाण उलटलं, ओट्स भरपूर झाले आणि फळ शोभेपुरतं उरलं. भारतीय चवीचे ओट्स करू पाहणाऱ्याने या मूळ प्रमाणाकडे परत जावं असं मला वाटतं, कारण आपल्याकडे फळाला तोटा नाही. पालघर जिल्ह्यातला घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे आणि वसईची वेलची केळी मुंबईभर मागून घेतली जातात.

या गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. १९९४ मध्ये केलॉगने भारतात कॉर्नफ्लेक्स आणले तेव्हा थंड दूध ओतून कुरकुरीत खायचा पदार्थ लोकांनी सवयीने गरम दुधात टाकला आणि त्याची पेज झाली. तेव्हापासून, भारतीय माणूस सकाळी थंड खात नाही, असं एक सूत्र पक्कं झालं. ओट्सच्या कंपन्यांनी ते ऐकून मसाला ओट्स काढले, म्हणजे उपम्यासारखे गरम शिजवायचे. ते खपलेही. मात्र त्यात गॅस, पातेलं आणि ढवळणारा हात परत आला, आणि ज्याला सकाळी वेळच नाही त्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. शिवाय ते सूत्र पूर्ण खरं कधीच नव्हतं. दहीपोहे, ताकातली आंबील, दहीबुत्ती, गोपाळकाला हे सगळं थंडच खाल्लं जातं.

पोहे का पुरत नाहीत

सगळ्यांत जोरदार आक्षेप पोह्यांच्या बाजूने येतो आणि त्याला मान द्यायला हवा. पोहे आणि रोल्ड ओट्स बनतात जवळजवळ एकाच रीतीने. भात भिजवून, भट्टीत गरम करून, गरम असतानाच दाबून चपटा करतात. ओट्सचा सोललेला दाणा वाफवून रुळांखाली चपटा करतात. दोन्हींत धान्याला आधीच उष्णता मिळालेली असते, म्हणून दोन्ही नुसते भिजवून खाता येतात. ओट्स कच्चे खाल्ल्याने पोट बिघडेल ही शंकाही इथेच मिटते, कारण पाकिटातला रोल्ड ओट कच्चा नसतोच. वाफ दिली नाही तर त्यातला स्निग्धांश काही दिवसांत खवट होतो, म्हणून वाफवणं कारखान्यालाच भाग असतं.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी पोह्यांचे किती प्रकार होतात! दुधातले, दह्यातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळातले, फोडणीचे. कोकणातले दडपे पोहे तर चुलीवर चढतच नाहीत. पातळ पोह्यांना ओलं खोबरं, कांदा, नारळाचं पाणी लावायचं, वर वजन ठेवून दडपायचं, आणि शेवटी फोडणी ओतायची. धान्य न शिजवता ओलाव्यावर मऊ करणं आणि चव नंतर फोडणीने देणं, ही सगळी विद्या आपल्याकडे आहे. मग ओट्स कशाला?

उत्तर वेळेतच आहे. पातळ पोहे दोन-चार मिनिटांत भिजतात आणि जाड पोहे दहा मिनिटांत. त्यापुढे त्यांचं काही सुधारत नाही. रात्री दहाला दह्यात टाकलेले पोहे पहाटेपर्यंत सगळं दही पिऊन घट्ट गोळा होतात, आणि वर दूध ओतलं तरी तो गोळा मोकळा होत नाही. पोह्यांत जवळजवळ सगळा पिष्टमय पदार्थ असतो आणि पाण्याला धरून ठेवणारा विद्राव्य तंतू नगण्य असतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा हा तंतू शंभर ग्रॅमला साधारण ४ ग्रॅम असतो. तो थंड पाण्यातही हळूहळू उलगडतो आणि भोवतीच्या दुधाला सायीसारखा दाटपणा आणतो, पण पाकळीचा आकार तासन्‌तास टिकतो. चार तासांनी ओट्स खाण्याजोगे होतात, आठ तासांनी चांगले लागतात, आणि दुसऱ्या दिवशीही वाया जात नाहीत. सहाला घर सोडून नऊला खाणाऱ्या माणसाला हा सावकाशपणा उपयोगी पडतो. घरी बसून आठ वाजता खाणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याने पोहेच करावेत, ते अधिक चवदार असतात.

ज्वारीचे आणि नाचणीचे पोहेही हल्ली दुकानांत मिळतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून जास्तच. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ओट्स तिथे पोचत नाहीत. मात्र ओट्सचा तो दाटपणा या धान्यांत येत नाही, दूध वर वेगळं राहतं. अर्धे ओट्स आणि अर्धे ज्वारीचे पोहे असं मिश्रण केलं तर ओट्स दूध बांधतात आणि ज्वारी चावायला काहीतरी देते. भारतात ओट मुख्यतः जनावरांसाठी पिकतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा वाण पश्चिम महाराष्ट्रातले दूध उत्पादक चाऱ्यासाठी लावतात. माणसांच्या पाकिटातला बराचसा दाणा ऑस्ट्रेलियातून येतो. ज्यांना ही दूरची आयात खटकते त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि हे निम्मं मिश्रण त्यांच्यासाठी सगळ्यांत प्रामाणिक तडजोड आहे.

थंड पदार्थात मसाला कसा बोलतो

भारतीय चवीच्या म्हणून ज्या कृती फिरतात त्यांतल्या बहुतेकांची चूक एकच असते. दुधात ओट्स, वर हळद, दालचिनी, केशर, वेलची यांची पूड, आणि बरणी फ्रीजमध्ये. सकाळी हळद कच्ची लागते, दालचिनीची पूड बुळबुळीत होऊन तळाशी बसते, केशराचा रंग येतो पण वास येत नाही. आपल्या मसाल्यांचे वास मुख्यतः तेलात विरघळणारे असतात आणि त्यांना मोकळं करायला उष्णता लागते. फोडणी ही रीत त्यासाठीच घडली. म्हणून ओट्स न शिजवताही मसाल्याला चार मिनिटांची आच द्यावी लागते, आणि ती रात्री देता येते. केशर चमचाभर कोमट दुधात पंधरा मिनिटं ठेवावं. हळद थोड्या दुधात उकळून, गाळून, निववून घालावी. वेलची मात्र आयत्या वेळी कुटली तर थंड दुधातही आपला वास सोडते, कारण दुधातला स्निग्धांश तिला पुरतो. जायफळाचं अगदी थोडं बोट पुरे, रात्रभरात ते वाढतं. सुंठही तशीच.

सगळ्यांत यशस्वी प्रकार गोड नाहीच, असं माझं ठाम मत आहे. दहीभाताच्या वळणाचे खारे ओट्स गोड प्रकारांपेक्षा आपल्या जिभेला लवकर पटतात, आणि त्यामागे प्रवासाच्या डब्याची जुनी युक्ती आहे. गाडीत न्यायच्या दहीभातात दही कमी आणि दूध जास्त घालतात, म्हणजे वाटेत ते विरजतं आणि दुपारी आंबट न होता गोडसर दही होतं. तीच रीत इथे लागू पडते. लहान वाटीभर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम जाड रोल्ड ओट्स, तेवढंच दूध, पाव वाटी पाणी, दोन चमचे ताजं दही, चवीला मीठ. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि उभी चिरलेली मिरची तडतडवून, पूर्ण निवल्यावर मिसळायची. तूप घेऊ नये, फ्रीजमध्ये त्याचे पांढरे कण होतात. काकडी, डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे हे सकाळीच घालावेत. मिठाबरोबर काकडी रात्रभर ठेवली तर पाणी सुटून सगळं पातळ होतं आणि शेंगदाणे मऊ पडतात. पाकीट घेताना जाड पाकळी बघावी. झटपट होणारे बारीक ओट्स रात्रभरात खळ होतात आणि रक्तातली साखरही जास्त वेगाने चढवतात.

गोड प्रकारात अडचण अशी की थंडाव्यात जिभेला गोडी कमी कळते. फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखलं की साखर कमी वाटते, मग आणखी एक चमचा पडतो. बरणी पंधरा मिनिटं बाहेर ठेवली आणि चिमूटभर मीठ घातलं तर तो जादा चमचा लागत नाही. प्रवासात हा वेळ आपोआप मिळतो. गूळ चिरून थंड दुधात विरघळवावा, गरम दुधात घातला तर दूध फाटण्याची भीती असते. कच्चा अननस आणि पपई दुधाबरोबर रात्रभर ठेवू नयेत, त्यांतली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि कडवटपणा येतो. नारळाचं दाट दूधही निराशा करतं, कारण खोबरेल थंडीत गोठतं आणि वर पांढरी कठीण साय धरते. दुसऱ्या पिळणीचं पातळ दूध घ्यावं. आळिवाचे लाडू करणाऱ्या घरांना नारळाच्या पाण्यात आळीव काही तास फुगवण्याची सवय असतेच. त्या फुगलेल्या आळिवाचा लहान चमचा ओट्समध्ये चांगला मिसळतो, फक्त त्याचा झणका जपून. कोकमाचा मोह मात्र आवरावा. सोलकढीत भिजवलेले ओट्स दिसतात सुंदर, पण सोलकढीचं सगळं सुख तिच्या पातळपणात असतं आणि ओट्स तेच काढून घेतात.

आगाशीची सुकेळी

वसई-विरारची म्हणून एक चव या बरणीत घालायची असेल तर ती सुकेळीची. आगाशी आणि आसपासच्या वाड्यांमध्ये राजेळी जातीची मोठी केळी पिकवून, सोलून, पावसाळा सरल्यावरच्या उन्हात दिवसेंदिवस वाळवतात. रोज उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, उलटायची, दवापासून सांभाळायची. वाळत जाताना केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं आणि चिकट होतं. मग त्याच झाडाच्या वाळक्या सोपटात गड्डी बांधतात. साखर नाही, पाक नाही, सारी गोडी फळाची. नीट वाळलेली सुकेळी महिनोन्‌महिने टिकतात.

ओट्सच्या दृष्टीने सुकेळी ताज्या केळ्यापेक्षा उजवी ठरतात. चिरलेलं ताजं केळं रात्रभरात काळं पडतं आणि दुधाला वास लावतं. सुकेळ्याचे बारीक तुकडे मात्र ओट्सबरोबरच दूध शोषून फुगतात, आपली गोडी बाहेर सोडतात आणि सकाळी मऊ खजुरासारखे दाताखाली येतात. एका वाटीला अर्धं सुकेळं पुरतं, वेगळी साखर लागत नाही. त्यात वेलची, म्हशीचं दूध आणि वरून भाजून कुस्करलेलं सुकं खोबरं. या मिश्रणाला भारतीय म्हणायला मसाल्याची जोडच लागत नाही.

अडचण आहे ती सुकेळ्यांच्या उपलब्धतेची. राजेळीची लागवड आटली आहे आणि सुकेळी करणारी घरंही कमी झाली आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांवर लोक होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची घरं जिथे उभी राहिली ती जमीन पूर्वी शेत, मिठागर किंवा वाडी होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने या हिरव्या पट्ट्यासाठी लढा दिला, म्हणून पश्चिमेकडच्या गावांत आजही बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि केळीच्या बागा दिसतात. नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आठ-दहा किलोमीटरवर होणारं सुकेळं अनेकदा माहीतही नसतं, आणि त्याच घरात कॅलिफोर्नियाचे बदाम असतात. सुकेळं महाग पडतं ही तक्रार खरी आहे, कारण त्यात मजुरी आणि ऊन दोन्ही फार जातं. पण अर्धं सुकेळं एका वाटीत, या हिशेबाने पाहिलं तर ते बदामांच्या मूठभरापेक्षा जड नाही.

शिळं म्हणायचं का

रात्रीचं सकाळी खाणं म्हणजे शिळं, आणि शिळं अन्न आळस आणतं, हा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतो. आयुर्वेदातही पर्युषित, म्हणजे शिळ्या, अन्नाबद्दल सावध केलेलं आहे. तो सल्ला ज्या घरांना दिला गेला त्या घरांत फ्रीज नव्हता, आणि शिजवलेला ओला भात दमट हवेत रात्रभर उघड्यावर ठेवणं खरोखर धोक्याचं होतं. भिजवणं आणि आंबवणं यांना मात्र आपल्या परंपरेने कधी शिळं म्हटलं नाही. इडलीचं पीठ, आंबील, वसईच्या ख्रिस्ती घरांत तासन्‌तास फुगवायला ठेवलेलं फुग्यांचं पीठ, हे सगळं वेळ देऊनच घडतं. आणि श्रावणातल्या शिळासप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खाण्याचा रिवाजच आहे.

म्हणून काळजी शिळेपणाची नको, तापमानाची हवी. इथे मात्र मी या पदार्थाच्या उत्साही समर्थकांपासून वेगळा होतो. फ्रीजमध्ये पाच अंशांखाली ओट्स दोन-तीन दिवस सुरक्षित राहतात. बाहेर काढल्यावर अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम दोन तासांचा आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाचा. विरारची लोकल मे महिन्यात या नियमात बसत नाही. तेव्हा नुसत्या दुधाचे ओट्स घरीच खावेत. डब्यात न्यायचे ते दह्याचे, कारण आंबटपणा जंतूंची वाढ मंदावतो, आणि त्यांच्याबरोबर रात्री गोठवलेली पाण्याची लहान बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. ओलं खोबरं प्रवासाच्या डब्यात घालूच नये. त्याची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकत नाही हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे, आणि ओट्समध्ये ते जास्त टिकेल असं मानायला कारण नाही. पावसाळ्यात रात्री चार-पाच तास वीज गेली असेल तर सकाळी वास घेऊन ठरवण्यापेक्षा सरळ टाकून द्यावं.

आरोग्याचे दावेही मापात हवेत. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते या दाव्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. चाळीस ग्रॅमच्या वाटीत ते साधारण दीड ग्रॅम मिळतं, म्हणजे एका वाटीने अर्धं काम होतं. रात्रभर भिजवल्याने फायटिक आम्ल निघून जातं आणि लोह जास्त लागू पडतं, असंही सांगितलं जातं. ओट्सच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. ते आम्ल तोडणारं विकर ओट्समध्ये मुळातच कमी असतं आणि कारखान्यातल्या वाफेत नष्ट होतं. नाचणीला मोड आणण्याचा जो फायदा आहे तो भिजवलेल्या ओट्सना देऊ नये. खाताना वर लिंबू पिळलं तर त्याने लोहाला जास्त मदत होते.

खर्चाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. किलोच्या भावात ओट्स पोह्यांपेक्षा बरेच महाग असतात, पण किलोभरात चाळीस ग्रॅमच्या पंचवीस वाट्या होतात आणि स्टेशनबाहेरच्या नाश्त्यापेक्षा दूध-दह्यासकट ही वाटी स्वस्तच पडते. महाग होतात ती चवदार छोटी पाकिटं. त्यांत ओट्सबरोबर साखर किंवा मीठही विकत घेतलं जातं, आणि पाकिटामागचं लेबल वाचल्याशिवाय ते लक्षात येत नाही. साधे ओट्स घेऊन चव घरची घालावी, यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

बरणी कुणी भरायची

शेवटचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. काम सकाळवरून रात्रीवर गेलं तरी ते त्याच बाईकडे राहिलं, तर तिला मिळालं काय? पहाटेची पंधरा मिनिटं सुटली आणि रात्री भांडी आवरल्यावर नवं काम लागलं. हा आक्षेप खोडता येत नाही, त्याला फक्त एक वाट आहे, आणि ती या पदार्थाच्या साधेपणातून निघते. पोह्यांना हात लागतो. किती भिजवायचे, फोडणी कधी, पाण्याचा शिपका किती, हा अंदाज वर्षांनी येतो, आणि ज्याच्या हाताला अंदाज त्याच्यावरच काम पडतं. मला जमत नाही हे वाक्य घरातल्या इतरांना त्यामुळेच म्हणता येतं. ओट्सना अंदाज लागत नाही. एक वाटी हे, एक वाटी ते, दोन चमचे दही आणि झाकण. आच नाही म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलालाही हे काम देता येतं.

आच लागते ती फक्त फोडणीला, आणि ती रोज करायची गरज नाही. रविवारी तेलात मोहरी, हिंग, वाळलेली लाल मिरची आणि कोरडा होईपर्यंत परतलेला कढीपत्ता अशी फोडणी करून, निववून, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवली की पाच दिवस चमचाभर घालत जाता येतं. सुकेळ्याचे तुकडेही त्याच दिवशी कात्रीला थोडं तूप लावून कापून डब्यात भरावेत, सुरीला ते चिकटतात. त्यानंतर रोज रात्री उरतं ते दोन-तीन मिनिटांचं काम. घरात चार माणसं वेगवेगळ्या गाड्यांना जाणारी असतील तर चार बरण्या असाव्यात. प्रत्येकाने आपली आपण भरावी, झाकणावर नाव लिहावं आणि रिकामी बरणी आपणच धुवावी. कुणाला गोड हवं, कुणाला खारं, कुणाला दही नको, हा रोजचा वादही मग स्वयंपाक करणाऱ्या एकटीच्या डोक्यावर येत नाही.